दर्याकडचं चाक

परत आल्यावर ओळखीच्या तिघांनी मला विचारलं, दिघीला बघण्यासारखं काय आहे. मला सांगता आलं नाही. दिघीत मी लागोपाठ दोन दिवस होते, पण पहिला दिवस पत्र्याच्या एका शेडमध्ये, गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवं बसण्यात गेला आणि दुसरा त्याच शेडबाहेर. खाडीच्या तोंडाशी असलेला किल्ला मी पाहिला तो बोटीतून, तोही ताडपत्रीची दोरी आवळता आवळता. तेव्हा किल्ल्याचं वर्णन माझ्याकडून मिळणार नाही.

चौल ते आगरदांडा

मी मधमाश्या पाळते. घर भोरला, पण पेट्या वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर असतात. जिथे फुलोरा तिथे पेट्या, आणि पेट्यांच्या मागे मी. या फेब्रुवारीत चौलच्या एका वाडीत ठेवलेल्या बारा पेट्या उचलून दिवेआगरला बापटांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत न्यायच्या होत्या. माशी आपली देशी, सातेरी. अंगाने लहान आणि स्वभावाने तिरसट. तिला हलवायची पद्धत ठरलेली आहे. आदल्या संध्याकाळी सगळ्या घरी परतल्या की पेटीचं दार बंद करायचं, पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत नव्या जागी दार उघडायचं. बंद पेटीत हजारो जीव एकमेकांना ऊब देत असतात. उन्हात ती ऊब वाढत गेली की मेण मऊ होतं, पोळं खाली बसतं आणि माश्या स्वतःच्याच मधात बुडून मरतात. नऊ-साडेनऊला दिवेआगर गाठायचं, असं मी ठरवलं होतं.

पिकअप माझी स्वतःची आहे आणि चालवते मीच. पहाटे रेवदंड्याचा पूल ओलांडला तेव्हा खाली होड्यांवर दिवे होते. पुढे काशीदपर्यंत रस्ता चांगला, मुरूडनंतर खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मागे बाराही पेट्या एकदम गुरगुरायच्या. आगरदांड्याला जेट्टीवर एका बाईने पावात तळलेले बोंबील घालून दिले. आमच्याकडे त्या वेळेला पोहे खातात. पाव गरम होता, बोंबील कुरकुरीत. दोन खाल्ले.

खाडीपलीकडे दिघीला नेणाऱ्या बोटीवर गाडी मागे घेत चढवावी लागते, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. बोटीवरचा माणूस हात हलवून ओरडत होता, "दर्याकडं घ्या बाय, दर्याकडं. आता डोंगराकडं. बास." डावं-उजवं तो एकदाही म्हणाला नाही. मी अंदाजाने घेतली.

दिघी

ओहोटी होती. पाणी खाली गेलेलं, त्यामुळे जेट्टीचा चढ लांब आणि शेवाळलेला. पहिल्या गिअरवर गाडी वर काढली. अर्ध्यावर मागचं चाक घसरून गरगरलं, मग त्याने एकदम पकडलं आणि पाठीमागे सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. गरगरणारं चाक एकदम पकडतं तेव्हाच एक्सल तुटतो, त्यामुळे अशा चढावर पाय हलका ठेवायचा असतो. हे मला माहीत होतं. बोंबील खाण्यात वीस मिनिटं गेल्यामुळे मी घाईत होते.

ज्यांना गाडीच्या पोटातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ट्रकच्या मागून चालताना दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तिथे येऊन दोन वाटांना जाते. दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्यांमधून एकेक पोलादी दांडा चाकापर्यंत गेलेला असतो, आणि तो चाक फिरवतो. दोन्हींपैकी एक दांडा तुटला तरी गाडी चालत नाही, कारण सगळी ताकद तुटक्या बाजूने वाया जाते.

बोटीवाल्यांनी फोन केला आणि हसनभाई स्कूटरवर आले. साठीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात टॉर्च. त्यांची शेड जेट्टीपासून फार लांब नव्हती.

"कुठला वाजला?" त्यांनी विचारलं.

"उजवा. माझ्या मागचा."

"उजवा म्हंजे? दर्याकडचा का डोंगराकडचा?"

आमच्या घाटावर मेकॅनिक ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड म्हणतात. इथे सगळी दुनिया दर्या आणि डोंगर यांच्यात वाटलेली. मी खिडकीतून उजवीकडे पाहिलं. पाणी दिसत होतं.

"दर्याकडचा," मी म्हटलं.

ट्रॅक्टरने गाडी ओढून शेडपर्यंत नेली. काम मागच्या बाजूचं, म्हणून ट्रॅक्टरवाल्याने रस्त्यावर गाडी वळवली आणि मागच्या अंगाने शेडमध्ये ढकलली. मी पेट्यांकडे लक्ष ठेवून मागे चालत होते. त्या वळवण्याचा अर्थ तेव्हा कोणाच्याच डोक्यात आला नाही.

शेडशेजारी उंडीचं मोठं झाड आहे. त्याच्या गर्द सावलीत ट्रॅक्टरवाल्याने आणि मी बाराही पेट्या उतरवल्या. तो प्रत्येक पेटी अंगापासून हातभर लांब धरून नेत होता. पेट्यांवर ओली गोणपाटं टाकली. साडेनऊ वाजले होते आणि वारा अजून सुटला नव्हता.

दुसरी गाडी करून पुढे जावं म्हणून हसनभाईंनी एका टेम्पोवाल्याला फोन लावला. तो पंधरा मिनिटांत आला, मागे बर्फाचे खोके घेऊन.

"मासे कुठं हायत?" तो म्हणाला.

"मासे नाहीत. माश्या. मधमाश्या."

त्याने झाडाखाली पाहिलं. गोणपाटाखालून येणारा आवाज ऐकला. "हसनभाई, तुमी मासं बोल्लात," म्हणाला आणि खाली न उतरताच गाडी वळवून गेला. दुसऱ्याने फोनवरच नाही म्हणून सांगितलं.

दारं इथेच उघडून का टाकली नाहीत, असं तुम्ही विचाराल. सातेरी माशी प्रवासाने बिथरलेली असते. भरउन्हात परक्या जागी दार उघडलं तर राणीला घेऊन सगळी वसाहत उठून जाते. राणी अडकावी आणि बाकीच्या ये-जा कराव्यात अशी एक जाळी दाराला लावायला मिळते. त्या बाराही जाळ्या मी सामान हलकं करायला म्हणून आदल्या आठवड्यात बापटांकडे पाठवून बसले होते. चूक माझीच.

हसनभाईंनी एका बाजूने जॅक लावला, चाकाच्या मध्यावरचे आठ बोल्ट सोडले आणि दांडा ओढला. तो हळूहळू बाहेर आला, तेलाने काळा चकचकीत, आणि शेवटच्या दात्यापर्यंत साबूत.

"हा तर अख्खा हाय," ते म्हणाले.

"मी दर्याकडचा सांगितला होता."

"दर्याकडचाच काढला." त्यांनी पान्याने बाहेर दाखवलं. समोर पाणीच होतं.

आम्ही दोघांनी गाडीकडे पाहिलं. जेट्टीवर तिचं तोंड गावाकडे होतं. आता खाडीकडे होतं, त्यामुळे दर्याच्या बाजूला डावं चाक आलं होतं.

"गाडी फिरली ताई," हसनभाई म्हणाले. "दर्या न्हाय फिरला." आणि मांडीवर हात मारून हसले. चाळीस वर्षांच्या धंद्यात चाक हाताने फिरवून न बघता दांडा उपसला, हे पहिल्यांदाच, असंही म्हणाले. मला हसू आलं नाही. पाऊण तास गेला होता.

दुसऱ्या बाजूने अर्धाच दांडा आला. उरलेला वीतभर तुकडा नळीत आत, डिफरन्शियलच्या दात्यांमध्ये बसलेला. हसनभाई डिफरन्शियलला हंडा म्हणतात. त्यांनी नळीत टॉर्च मारला आणि मलाही बघायला लावलं. हात पुरणार नाही इतक्या आत एक ओबडधोबड चंदेरी तोंड दिसत होतं. नवा दांडा घालायची काळजी नव्हती, भंगारातल्या एका तशाच पिकअपचा त्यांनी भिंतीला टांगून ठेवला होता. पण जुना निघाल्याशिवाय नवा बसणार कुठे?

तारेला लोहचुंबक बांधून सोडलं. ते तुकड्यापर्यंत पोचायच्या आत नळीच्या भिंतीला चिकटायचं. मग तुकड्यावर बसेल असा पाइप ठोकून पाहिला. तो दोनदा बसला आणि दोनदा रिकामाच परत आला.

"हंडा उतरवावा लागंल," हसनभाई घाम पुसत म्हणाले. "चार तास धरा."

मी पेट्यांवर पाणी मारून आले. आवाज वाढला होता, पण एकसारखा होता. एकसारखा असेतो ठीक असतं.

तेवढ्यात झाडाखालून कोणीतरी विचारलं, "माझी जागा कोनी घेतली गो?"

बेबीताई खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरतात आणि दुपारी घरी जाण्याआधी रोज या उंडीखाली टेकतात. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपली, हातात लांब बारीक सळी.

"कसली खोकी ही?"

"मधमाश्या आहेत."

"चावतात?"

"चावतात."

"मंग मी हिकडंच बसते." त्या शेडच्या दारात बसल्या, टोपली मांडीशी घेतली आणि हसनभाईंची धडपड बघू लागल्या. टोपलीत चिंबोऱ्या दोरीने आवळलेल्या होत्या. "काय धरतोस रं हसन आत?"

"तुटका तुकडा हाय. येत न्हाय भायेर."

"समोरनं वडतोस तर कसा यील? चिंबोरी बिळात घट झाली का मी मागच्या तोंडानं ढोसते. दुसरं तोंड नाय काय तुज्या बिळाला?"

"हाय ना," हसनभाई म्हणाले. "आज माज्या गाढवपनानं ते उघडंबी हाय. पन मधी आडवी पिन हाय. बाजूनं एवढीशी फट. माजी कुठली सळी जायची न्हाय त्यातनं."

दोघांनी एकाच वेळी बेबीताईंच्या हातातल्या सळीकडे पाहिलं. ती पेन्सिलीपेक्षा बारीक, वाकवली तर वाकणारी आणि सोडली तर सरळ होणारी, एका टोकाला आकडा.

"आकडा नको वाकवू," बेबीताई म्हणाल्या. "माजा धनी गेल्यापास्नं तीच पोट भरती."

"न्हाय वाकवत. साधं टोक घालतो."

चांगल्या बाजूच्या नळीतून सळी आत गेली. हसनभाई डोळे मिटून चाचपत होते. एकदा अडली, परत काढली, किंचित फिरवून घातली. मग त्यांनी मला दुसऱ्या बाजूला टॉर्च घेऊन बसवलं आणि सळीच्या मागच्या टोकावर लाकडाच्या तुकड्याने हलके ठोके द्यायला सुरुवात केली.

"हलला?"

"नाही."

"आता?"

"नाही. थांबा. हो, थोडासा."

"थोडासा म्हंजे किती?"

"नखाएवढा."

वीस-पंचवीस ठोके झाले असतील. तुकडा दात्यांतून सुटला आणि नळीत आडवा पडला. चुंबकाला आता तो सापडला. खडखडत बाहेर आला तेव्हा बेबीताई म्हणाल्या, "मादी हाय का नर?" या वेळी मलाही हसू आलं.

मला वाटलं काम झालं. नवा दांडा घालायचा, बोल्ट आवळायचे, निघायचं. साडेअकरा होत होते. पण हसनभाईंनी तुटक्या दांड्याचे दोन्ही भाग चिंधीने पुसले आणि एकमेकांना जोडून पाहिले, फुटलेली बशी जोडतो तसे. मग नखाने एक जागा दाखवली. चिंचोक्याएवढी खाच रिकामी होती.

"हा आत हाय," ते म्हणाले.

"असू दे. नंतर काढू. पेट्या मरतील माझ्या."

"ताई, एवढा तुकडा दात्यांत गेला तर पुढं वाटंत बोर्लीच्या चढावर हंडा फुटंल. मंग तुमी तिथं, पेट्या तिथं, आनी मी हिथं."

"किती वेळ?"

"सापडंपरेंत."

मी काहीतरी तिखट बोलले. काय ते लिहीत नाही. ते रागावले नाहीत आणि घाईही केली नाही. हंड्याचा तळाचा बोल्ट काढून तेल परातीत घेतलं, डिझेल घालून नळ्या धुतल्या आणि ते तेल फडक्यातून गाळायला बसले. बेबीताईंनी फडकं धरलं.

त्याच सुमारास सात नंबरच्या पेटीचा आवाज बदलला. तो चढत गेला, बारीक आणि तीक्ष्ण झाला, आणि पेटीच्या तळाच्या फटीतून मधाचा एक ओघळ जमिनीवर आला. आत पोळं बसायला लागलं होतं. उघडली तर उडून जाणार, न उघडली तर मरणार. मी दार उघडलं. आधी दहा-वीस आल्या, मग एकदम सगळ्या. शेडच्या पत्र्यावर एक तपकिरी ढग फिरला आणि कांदळवनाच्या दिशेने गेला. मी बघत उभी राहिले नाही. अकरा पेट्यांवर पाणी मारायचं होतं.

तुकडा सापडला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. फडक्यात नव्हता. चुंबक लावलेली तीच सळी तिसऱ्यांदा आत फिरवल्यावर तिच्या टोकाला चिकटून आला. हसनभाईंनी तो खाचेत बसवून दाखवला. बरोबर बसला. मग मात्र त्यांचे हात भराभर चालले. नवा दांडा, जुना दांडा, दोन्हीकडचे बोल्ट, ताजं तेल. त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी आली होती. भाकरी आमच्या मावळातही तांदळाची करतात, पण जाड. ही कापडासारखी पातळ होती. मी उभ्यानेच खाल्ली. पेट्या चढवायला या खेपेला हसनभाई आणि बेबीताई दोघंही आले. बेबीताईंनी पेटी सरळ डोक्यावर घेतली.

दिवेआगर

पोचायला अडीच वाजले. बापटकाकूंनी राणीच्या जाळ्या पिशवीतून काढून ओसरीवर मांडून ठेवल्या होत्या. मी पाणी न पिता एकेक जाळी लावत, दारं उघडत गेले. पहिल्या चार पेट्यांतून माश्या धडपडत बाहेर आल्या आणि दारातच पंख मारत राहिल्या. पाचवीतून कोणी आलं नाही. पुढच्या पाच बऱ्या होत्या. अकराव्या पेटीलाही कान लावला. काही नव्हतं.

"बारा म्हणाला होतात ना हो?" बापटकाका म्हणाले.

"नऊ आहेत."

काकूंनी सरबत आणून हातात दिलं.

मेलेल्या माश्या ओल्या असतानाच काढाव्या लागतात. सुकल्या की मधाबरोबर लाकडाला धरतात, आणि पेटी रिकामी राहिली की मेणकिडा लागतो. अंगात त्राण नव्हतं, तरी उजेड होता तोवर दोन्ही पेट्या खरवडल्या. माश्या ओंजळीने काढून सुपारीच्या आळ्यांत टाकल्या आणि पाटाच्या पाण्याने पेट्या धुतल्या. काकू शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "एवढ्या असतात होय एका पेटीत." त्यांना आकडा हवा होता, पण मला तेव्हा मोजायचं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर हातांना मध आणि गिअरचं तेल असा मिळून वास येत होता. साबणाने गेला नव्हता.

पुन्हा दिघी

सकाळी आठला हसनभाईंचा फोन आला.

"ताई, तुमची मानसं माज्या टायरांत बसल्यात."

शेडच्या मागच्या भिंतीशी जुन्या टायरांची चळत होती. सात नंबरच्या माश्या काल कांदळवनातून कधीतरी परत फिरल्या होत्या आणि त्या चळतीच्या पोकळीत घोस करून लटकल्या होत्या. मी धुतलेल्या पेट्यांपैकी एक गाडीत टाकली, बापटांच्या वाडीतल्या एका चांगल्या पेटीतली पोळ्याची एक चौकट सोबत घेतली आणि निघाले. बोर्लीच्या चढावर कान मागच्या चाकांकडे होता. काही वाजलं नाही.

हसनभाई शेडबाहेर उंडीखाली बसले होते. शेड बंद.

"दोन गिऱ्हाइकं परत धाडली," ते म्हणाले. "एकाची क्लच प्लेट होती. काय सांगू त्याला? आत पाव्हनं हायत म्हनलं."

"धूर केला नाहीत ना?"

"न्हाय. तुमी काल सांगितलं हुतं, धुरानं बिथरतात. घरात आगरबत्तीबी लावू दिली न्हाय आज."

वरचे तीन टायर मी हळूच बाजूला केले. घोस नारळाएवढा, शांत, कालच्या निम्म्याहूनही कमी. पेटी जवळ आणली, चौकट आत ठेवली, घोसाखाली हात घालून तो उचलला आणि आत उतरवला. थोड्या उडाल्या, दोन चावल्या. झाकण घातलं आणि वाट बघितली. राणी सुटली असेल तर पाच-दहा मिनिटांत सगळ्या परत टायरांत येतात.

हसनभाई लांबून बघत होते. "काय झालं?"

"थांबा."

दारातल्या माश्यांनी तोंडं आत केली, शेपट्या वर उचलल्या आणि पंख मारायला लागल्या. बाहेर फिरणाऱ्यांना त्या आत बोलावतात तेव्हाच असं करतात, आणि राणी आत असली तरच बोलावतात. टायरांवर उरलेल्या हळूहळू चालत पेटीकडे निघाल्या.

मी हसनभाईंना सांगितलं की आता सगळ्या आत जाईपर्यंत, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, पेटी इथून हलवता येणार नाही, आणि तोवर शेडमध्ये ठोकाठोक करता येणार नाही. त्यांनी शेडकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. क्लच प्लेटवाल्याला फोन करून उद्या ये म्हणाले. घरात जाऊन दुसरी खुर्ची आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी सावलीत ठेवली.

"मंग बसा," ते म्हणाले.

दहा वाजत होते. मी बसले.